घणसोलीचा नाला, मागचं तळं आणि कायदा: तक्रार नेमकी कुठे करायची?

तुमच्या प्रश्नातून मला जे कळलं ते आधी मांडतो. सोसायटी घणसोलीत, खाडीच्या अंगाला. शेजारून एमआयडीसीकडून येणारा नाला वाहतो. काही रात्री त्याला रंग येतो आणि डोळे चुरचुरतील असा वास सुटतो. मागे एक तळं आहे. पूर्वी तिथे भरतीचं पाणी चढायचं, पण रस्त्याचा भराव पडल्यापासून ते बंद झालं. आता तिथे डेब्रिजच्या, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याच्या, गाड्या रिकाम्या होतात. महापालिका प्रदूषण मंडळाकडे बोट दाखवते, मंडळ सिडकोकडे, सिडको वनविभागाकडे. पाण्याची गुणवत्ता, पाणथळ जागा आणि नदीखोरं हे सगळं एकत्र पाहणारा राज्याचा एखादा कायदा आहे का, आणि थेट हरित लवादात (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात) गेलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

असा एकच कायदा नाही. पण तुमची खरी अडचण ती नाही. तुम्ही दोन वेगळी प्रकरणं एका अर्जात घातली आहेत, म्हणून प्रत्येक कार्यालयाला ‘हे आमचं नाही’ म्हणायला जागा मिळते, आणि अर्ध्या अर्जापुरतं ते खरंही असतं. मी पेशाने पर्यावरण अभियंता आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या अशा तक्रारींचे कागद आणि नमुने तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. सोसायट्या हरतात त्या बहुतेक वेळा याच जागी. आपल्याकडचे कायदे मुळात दोन गोष्टी पाहतात: पाणी सोडणारा कोण आहे, आणि पाण्याखालची जमीन कागदावर काय आहे. नाल्याचा प्रश्न पहिल्या प्रकारचा, तळ्याचा दुसऱ्या. आजच अर्ज दोन करा.

एकच कायदा का नाही, हे समजून घेतलं की पुढचा बराच गोंधळ मिटतो. पाणी हा राज्यघटनेत राज्यांचा विषय. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, म्हणजे आपल्या नंतरचा. राज्यांनी ठराव करून तो संसदेकडून मागून घेतला, आणि महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. त्यामुळे आज पाण्याच्या गुणवत्तेचा मुख्य कायदा केंद्राचा आणि अंमलबजावणी राज्याच्या मंडळाची. पाणथळीचे नियम १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालचे, तेही केंद्राचे. नदीखोऱ्याचा कायदा मात्र राज्याचा स्वतःचा, २००५ चा. तिघांचे जन्म वेगळे, अधिकारी वेगळे. त्यांना जोडणारा धागा कायद्यात फार बारीक आहे.

आता नाला. ‘हा नैसर्गिक प्रवाह नाही, पावसाळी गटार आहे’ असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. जल कायद्यातल्या व्याख्येत नदी येते, वाहता किंवा त्या वेळी कोरडा असलेला जलमार्ग येतो, भूजल येतं, भरतीचं पाणीही येतं. पारसिकच्या डोंगरावरून उतरून, एमआयडीसी ओलांडून, ठाणे-बेलापूर रस्त्याखालच्या मोऱ्यांतून खाडीला मिळणारे नाले मूळचे डोंगराचे ओढेच आहेत. कलम २४ प्रमाणे त्यात प्रदूषक द्रव्य सोडायला मनाई आहे आणि कलम २५ प्रमाणे सांडपाणी सोडायला मंडळाची संमती लागते. हे कारखान्याला लागू आहे, तसंच प्रक्रिया न केलेलं मैलापाणी सोडणाऱ्या महापालिकेलाही.

म्हणून पहिला प्रश्न: नाल्यात काय येतंय, कारखान्याचं की घरांचं? रंग आणि वास यावरून लोक लगेच ‘केमिकल’ म्हणतात. दरवेळी तसं नसतं. अडलेलं मैलापाणी सडलं की काळं पडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात रहिवाशांची खात्री होती की वरच्या अंगाचा कारखानाच दोषी. आम्ही नाल्यावर तीन जागी नमुने घेतले: एमआयडीसीच्या वर, एमआयडीसी संपते तिथे, आणि सोसायटीपाशी. पहिल्या दोन जागी पाणी बरं होतं. बिघाड शेवटच्या टप्प्यात होता. नव्या इमारतींची मलवाहिनी थेट पावसाळी गटाराला जोडली होती. तक्रार मंडळाच्या औद्योगिक शाखेकडे गेली असती तर कारखान्याची तपासणी होऊन ‘निकषांच्या आत’ असा शेरा आला असता आणि प्रकरण तिथेच बंद झालं असतं.

नमुना घ्यायची पद्धत नीट सांगतो, कारण इथेच सगळं ठरतं. भरती-ओहोटीची वेळ पाहा आणि ओहोटी निम्म्याच्या पुढे गेल्यावर जा. भरतीला खाडीचं पाणी नाल्यात शिरतं आणि खरं चित्र पुसून टाकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खारं पाणी ‘सीओडी’च्या (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्या मापाच्या) चाचणीत घोटाळा करतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं, आणि क्लोराइड दोन हजारांच्या वर गेलं की नेहमीच्या पद्धतीने काढलेला सीओडीचा आकडा फुगतो. समोरचा वकील तो अहवाल दोन मिनिटांत निकालात काढतो. म्हणून नमुना भरती पोचत नाही अशा जागेवरून घ्या आणि प्रयोगशाळेला क्लोराइडही मोजायला सांगा. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवा आणि चोवीस तासांच्या आत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. ‘बीओडी’ (जिवाणूंना ती घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन) आणि ‘सीओडी’ एकाच नमुन्यातून काढून घ्या. घरगुती मैलापाण्यात सीओडी हा बीओडीच्या साधारण दोन ते अडीच पट असतो. तो पाच, सात, दहा पट निघाला तर जिवाणूंना सहज न पचणारं काहीतरी त्यात आहे, आणि संशय उद्योगाकडे वळतो. रात्री नाल्यात किंवा बंद मोरीत कुणीही उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड साचलेला असेल तर माणूस जागेवर कोसळतो. दोरीला बादली बांधून वरूनच पाणी काढा.

एवढं करूनही तुमची बाटली न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहणार नाही. कायदेशीर नमुना कलम २१ प्रमाणे मंडळानेच घ्यावा लागतो: संबंधिताला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करायचे, सह्या घ्यायच्या. तुमच्या अहवालाचं काम मंडळाला कुठे आणि किती वाजता यायचं ते दाखवण्याचं आहे. अर्जात ‘रात्री वास येतो’ असं लिहाल तर अधिकारी सकाळी अकराला येऊन स्वच्छ नाला पाहून जातील. त्याऐवजी असं लिहा: अमुक मोरीपाशी, अमुक तारखांना, रात्री बारा ते तीन, ओहोटीच्या वेळी, अक्षांश-रेखांश, फोटो आणि अहवाल सोबत. त्याच वेळी, वेगळ्या अर्जाने, त्या मोरीच्या वरच्या अंगाच्या कारखान्यांची संमतिपत्रं माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. संमतिपत्रात सांडपाणी किती, कुठे सोडायचं, अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राला जोडणी आहे की नाही, सगळं लिहिलेलं असतं. ज्या कारखान्याला सगळं पाणी केंद्राकडेच पाठवायची अट आहे, त्याच्या भिंतीतून नाल्यात पाइप निघत असेल तर आकड्यांचा वाद घालायचीही गरज उरत नाही.

उल्लंघन दिसलं तर मंडळाकडे कलम ३३-अ आहे. त्याखाली कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश निघू शकतो. फौजदारी तक्रारीपेक्षा हे कितीतरी लवकर लागू पडतं, म्हणून अर्जात मागणी याच कलमाची करा. मंडळ हललंच नाही तर कलम ४९ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः तक्रार दाखल करता येते, आणि मग मागणी केल्यावर मंडळाला आपल्याकडचे अहवाल तुम्हाला द्यावे लागतात. मात्र या कायद्यात २०२४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. अनेक गुन्ह्यांची कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांत विधिमंडळाच्या ठरावाने लागू होते. नोटिशीत कलमं घालण्याआधी त्या दिवशीची स्थिती वकिलाकडून तपासून घ्या.

आता तळं. इथे भावना बाजूला ठेवून कागद पाहावे लागतात. ‘पाणथळ आहे, पक्षी येतात, म्हणजे पाणथळ नियमांखाली वाचलं’ असं सगळ्यांना वाटतं. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीपात्र, भातशेती, आणि पिण्याचं पाणी, मत्स्यपालन, मीठ, करमणूक, सिंचन यांसाठी माणसाने बांधलेले जलसाठे वगळले आहेत. शिवाय वनक्षेत्र आणि सागरी किनारा नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागांना हे नियम लागू नाहीत, कारण त्यांना त्यांचे कायदे आहेत. ठाण्याच्या खाडीकाठी जवळजवळ प्रत्येक पाणथळ यातल्या कुठल्या ना कुठल्या अपवादात बसते. म्हणजे ती उघडी पडली असं नाही, तिचं कवच दुसरं आहे एवढंच. आणि माझ्या मते आपल्या भागात ते दुसरं कवच जास्त भक्कम आहे.

पहिलं पाहा ते तिवर, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं कांदळवन. तळ्यात किंवा काठावर तिवरं असतील, वाळायला लागलेली असली तरी, मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश लागू होतात. २००५ च्या अंतरिम आदेशापासून १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालापर्यंत न्यायालयाची भूमिका एकच राहिली: जमीन कुणाच्याही मालकीची असो, कांदळवन हे वन आहे, आणि त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही, भराव नाही, डेब्रिज नाही. या आदेशांच्या अंमलबजावणीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे. पाणथळींच्या तक्रारींसाठीही उच्च न्यायालयाच्या आदेशातून तशी समिती झाली. दोन्हींचं दार म्हणजे बेलापूरचं कोकण भवन. तुमच्या दुसऱ्या अर्जाचा पहिला पत्ता तोच.

दुसरं, भरतीचं पाणी. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ‘भराव पडल्यापासून पाणी येत नाही’ ही आहे, आणि ती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीय. किनारा नियमन अधिसूचनेत, २०११ च्याही आणि २०१९ च्याही, समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक मार्ग बांध घालून अडवणं हे निषिद्ध कामांत आहे. अधिसूचनेनेच परवानगी दिलेली कामं एवढाच अपवाद. डेब्रिजच्या गाड्या पकडणं अवघड असतं. भराव तिथेच उभा असतो, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे उपग्रह फोटो कुणालाही गूगल अर्थवर वर्षवार काढता येतात. भरती तुटली की तिवरं आपोआप सुकतात आणि तळं कोरडं पडतं. दोन-तीन वर्षांनी तीच जागा ‘पडीक’ म्हणून दाखवायला सोपी जाते. म्हणून तक्रारीत डेब्रिज दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिली मागणी भरावाखाली मोरी काढून भरतीची वाट मोकळी करण्याची. हा अर्ज राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीलाही जायला हवा.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी आहेत. तुमचं तळं सिडकोचं होल्डिंग पाँड असू शकतं. नवी मुंबईचा खाडीकाठचा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की शहराचं पाणी साठवायला ही तळी आणि त्यांची झडपांची दारं केली. तसं असेल तर ‘हे माणसाने केलेलं’ असं म्हणून समोरचा पाणथळ नियमांचा आधार लंगडा करू पाहील. पण आत तिवरं वाढली असतील तर उच्च न्यायालयाचे आदेश तिथेही येतात, इतके की गाळ काढायलाही परवानगी घ्यावी लागते. अशा वेळी तुमचं सगळ्यात जोरदार म्हणणं पुराचं असेल: साठवणीची जागा बुजली की पाणी तुमच्या तळमजल्यात येणार.

दुसरी शक्यता खारभूमीची. आपल्याकडे महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ आहे. राज्याचा हा कायदा नेमका उलट्या हेतूचा, म्हणजे बांध घालून, उघाडी (बांधातलं झडपेचं दार) बसवून खारं पाणी शेताबाहेर ठेवण्याचा. घणसोली, कोपरखैरणे, दिवा या पट्ट्यातली जुनी भातखाचरं अशाच बांधांच्या आड होती. तुमची जागा जुन्या खारभूमी योजनेतली निघाली, तर समोरचा म्हणेल की इथे भरती यायलाच नको होती, बांध फुटला म्हणून आली. त्या वेळी गावातल्या जुन्या आगरी-कोळी मंडळींचं म्हणणं कामाला येतं. तिथे निवट्या, चिंबोऱ्या कधीपासून मिळत होत्या, डोल (मासेमारीचं जाळं) कुठे लावत होते, हे त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रावर घ्या. खाडीच्या पाण्याचा इतिहास त्यांच्याइतका कुठल्याही नकाशात नसतो. आपण टॉवरमध्ये राहायला येऊन त्यांच्या खाडीची तक्रार करतो आणि त्यांनाच विचारत नाही, हे मला नेहमी खटकतं.

ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे, सुमारे ६,५२१ हेक्टर. त्यात २०१५ चं फ्लेमिंगो अभयारण्य आणि त्याचं संवेदनशील क्षेत्र येतं. तुमचं तळं या हद्दीत किंवा लगत आहे का ते नकाशावर नक्की पाहा. असेल तर अर्जात लिहाच, पण आधार तेवढाच ठेवू नका.

नदीखोऱ्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने राज्याची पाच पाटबंधारे महामंडळं नदीखोरे अभिकरणं, म्हणजे खोऱ्याचा कारभार पाहणाऱ्या संस्था, ठरवली. आपल्यासाठी कोकण पाटबंधारे विकास महामंडळ. कायद्यात ‘जो प्रदूषण करेल त्याने भरपाई करावी’ हे तत्त्व लिहिलंय, पण प्रत्यक्षात त्याचा सगळा भर कुणाला किती पाणी आणि कोणत्या दराने यावर आहे. उल्हासचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात तिच्यात जे पाणी असतं त्यातलं बरंचसं भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं, म्हणजे घाटावरच्या आंध्रा धरणाचं. किती सुटलं, कुणी किती उचललं याचा हिशोब चोख लागतो. पण वाटेत कर्जत, बदलापूर, उल्हासनगरचं मैलापाणी मिसळतं, कल्याणपाशी अंबरनाथहून आलेली वालधुनी येऊन मिळते, आणि त्याचा हिशोब दुसऱ्या खात्याच्या वहीत. २०१५ मध्ये हरित लवादाने याच प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटी रुपये भरायला सांगितले, तेही ‘वनशक्ती’ या स्वयंसेवी संस्थेने अर्ज केल्यावर. खोऱ्याच्या कायद्यातून ते निघालं नाही.

नदीकाठी उद्योग कुठे नकोत हे ठरवणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण होतं. ते २००० मध्ये आलं, २००९ मध्ये सुधारलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झालं. ते विधिमंडळाने केलेल्या कायद्यात नव्हतं, शासन निर्णयाने आलेलं होतं, म्हणून शासन निर्णयानेच गेलं. जुन्या लेखांत त्याचे दाखले अजून सापडतात. तुमच्या अर्जात घालू नका. आज नदीकाठाला उरलंय ते पूररेषांचं संरक्षण: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांच्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला जवळपास मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटी. बदलापूर-कल्याणकडच्या वाचकांना हे उपयोगी पडेल. खाडीला मिळणाऱ्या तुमच्या छोट्या नाल्याला त्याचा फारसा आधार नाही. म्हणून खोऱ्याचा कायदा तुमच्या तक्रारीत आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. असा कायदा हवा का, यावर मात्र लोकप्रतिनिधींना जरूर विचारा. पाण्याचं प्रमाण आणि पाण्याचा दर्जा एकाच खोऱ्यात एकाच टेबलावर आल्याशिवाय उल्हास सुधारेल असं मला वाटत नाही.

राहता राहिला लवाद. जाता येतं, पुण्याचं खंडपीठ आहे, भरपाई मागायची नसेल तर शुल्क हजार रुपये, आणि स्वतः बाजू मांडता येते. घात मुदतीत होतो. हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा, फार तर आणखी साठ दिवस. लोक दोन-तीन वर्षं पत्रव्यवहार करतात आणि मग येतात. नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी कलम १५ मध्ये पाच वर्षं मिळतात. तुमचा भराव कधी पडला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तुमच्यापुढचा रस्ता त्यावरच ठरणार आहे. सहा महिने झाले नसतील तर कोकण भवनच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, वकील आत्ताच गाठा. होऊन गेले असतील तर तळ्यासाठी मागणी ‘पूर्ववत करा’ अशीच हवी. नाल्याला तेवढी घाई नाही. तिथे आधी दोन-तीन ओहोट्यांचे नमुने आणि संमतिपत्रं हातात येऊ द्या.

आता पुढचं. तलाठी कार्यालयातून किंवा महाभूलेखवरून त्या जागेचा सर्व्हे नंबर आणि सात-बारा काढा, इतर हक्कांच्या रकान्यात ‘वन’, ‘खाजण’ किंवा ‘खारभूमी’ असा शेरा आहे का पाहा, आणि मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशाचा तुमच्या भागाचा कागद उतरवून घ्या. भरावाची साधारण तारीख आणि सर्व्हे नंबर इथेच लिहा. सोसायटीचं नाव घालू नका, नंबर पुरेसा आहे. नकाशावर तो कुठे बसतो ते पाहून दुसऱ्या अर्जाचा मसुदा कसा करायचा ते सांगतो.